वर्कशॉपमध्ये लाकडाची शेगडी बसवताय? या चुका टाळा

थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी रंधा हातात धरवत नाही, गोंदही लवकर सुकत नाही. म्हणून बरेच जण जुन्या ड्रमची किंवा जाड पत्र्याची बंद शेगडी स्वतःच बनवून बसवतात. वेल्डिंग येणाऱ्याला शेगडी जमतेच. सगळा घोळ होतो तो धुराड्यात.

पाइप छतातून नेताना

आपल्या खान्देशात मे महिन्यात ४५ अंश सोसायचे असतात, म्हणून पत्र्याखाली थर्माकोल किंवा फोमची शीट मारलेली असते. हिवाळ्यात त्याच शीटला भोक पाडून धुराडं वर काढतात. ही सगळ्यांत घातक चूक. एकेरी पत्र्याचा पाइप सहज २०० अंशांच्या वर तापतो; थर्माकोल १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि वितळून पेटतो. पाइपपासून चारही बाजूंनी किमान १८ इंच काहीही जळाऊ नको: थर्माकोल, उजेडासाठी लावलेला फायबरचा पत्रा, लाकडी वासे, भिंतीला टेकवून ठेवलेल्या कूलरच्या वाळलेल्या जाळ्या, काहीच नको. छतातून जाणारा तुकडा दुहेरी, मध्ये रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरलेला घ्या. पहिल्या हिवाळ्यात काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वर्षानुवर्षं शेकलेला वासा आतून करपत जातो आणि पुढे कमी उष्णतेतही पेट घेतो.

शेगडीभोवती मात्र ३ फूट मोकळे सोडा. जागा नसेल तर भिंतीपासून इंचभर अंतर ठेवून पत्र्याचा आडोसा लावा, मागून हवा खेळली पाहिजे.

धूर आत येतो?

बहुतेक वेळा पाइप खिडकीतून आडवा बाहेर काढलेला असतो. धुराड्याला ओढ मिळते ती उंचीने. शेगडीपासून टोकापर्यंत साधारण १५ फूट हवेत. टोक छताच्या वर ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याहून २ फूट वर. काटकोनी एल्बो दोनपेक्षा जास्त नकोत. शेगडीचं तोंड ६ इंची असेल तर पुढे ४ इंची पाइप जोडून पैसे वाचवू नका.

पाइप बरोबर असूनही धूर उलटत असेल तर एक्झॉस्ट फॅन बंद करून बघा. दारं-खिडक्या लावून पंखा चालू ठेवला की तो हवा धुराड्यातूनच खेचतो. हे नुसतं डोळे चुरचुरण्यापुरतं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. त्यामुळे एक खिडकी कायम थोडी उघडी हवी आणि शेगडी पेटती ठेवून शेडमध्ये कुणी झोपायचं नाही, कामावरच्या पोरांनीही नाही. ह्या वायूचा अलार्म मिळतो, तो लावाच.

पाइपचा माल आणि सांधे

शेगडीजवळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप नको, तापल्यावर जस्ताचा थर उडतो आणि तो धूर विषारी असतो. सिमेंटचा पाइप उष्णतेने तडकतो. काळा लोखंडी किंवा स्टेनलेस घ्या. सांध्यात वरचा पाइप खालच्याच्या आत बसला पाहिजे. उलटं बसवलं तर डांबरासारखी काजळी सांध्यातून बाहेर ओघळते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू.

जळण

ती काजळी साचते ओल्या लाकडाने आणि हवा कोंडून धुमसत ठेवलेल्या जाळाने. फोडून, वर्षभर वाळवलेली बाभूळ उत्तम. पऱ्हाटी आणि तुराट्या पेटवणापुरत्या. भरभरून घातल्या तर शेगडी लाल होते. प्लायवूड, एमडीएफ, सनमायकाचे तुकडे कितीही पडलेले असोत, जाळू नका, त्यांचा धूर विषारी असतो. भुसा ओंजळीने आत फेकला तर भडका थेट तोंडावर येतो.

पाइपमधून घरघर ऐकू आली आणि तो लाल दिसू लागला, तर आतली काजळी पेटली आहे. हवेची झडप बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, १०१ ला फोन करा. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नका.

जिथे सीलर, थिनर, पॉलिशचं काम चालतं त्या खोलीत शेगडी बसवूच नका. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत जाळापर्यंत पोचते. अंतराचा कुठलाही हिशेब इथे चालत नाही.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून शेडबाहेर, भुशाच्या ढिगापासून लांब ठेवा. तिच्यातला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो.