झोपेआधीची चिमूट कशी सोडावी

आमच्या इचलकरंजीत रात्रपाळी करून आलेला माणूस हातपाय धुतो, भाकरी खातो आणि पाठ टेकण्याआधी डबी उघडतो. डाव्या तळहातावर तंबाखू, नखाच्या टोकावर चुना, अंगठ्यानं चांगलं मळून वर दोन थापट्या, धूळ उडाली की चिमूट खालच्या ओठात. "आता कशी गाढ झोप लागंल बघ," आप्पा म्हणायचे. पस्तीस वर्षं यंत्रमागावर काढली, आणि डबीही तितकीच वर्षं सोबत. झोप लागायचीही. पण तीन-चार तासांत ते उठून बसलेले असायचे, कपाळाला घाम, आणि हात उशीखाली डबी चाचपत. मागाच्या खडखडाटानं झोप नासली, असंच आम्ही घरातले सगळे धरून चाललो होतो.

अठ्ठावन्नाव्या वर्षी आप्पांनी तंबाखू सोडली. झोप कशानं मोडत होती, ते तेव्हा कळलं. मी आशा सेविका म्हणून वस्तीत घरोघरी फिरते, त्यामुळे सोडू पाहणारे पुष्कळ भेटतात. त्यातले कितीतरी जण तिसऱ्या-चौथ्या रात्री परत डबीकडे वळतात. कारण विचारलं तर एकच, "झोपच येईना हो ताई." सोडल्यावर पहिले काही दिवस झोप आणखी बिघडते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी रात्रीची तयारी करा आणि मग तंबाखू सोडा.

चिमूट घेतली की झोप येते असं का वाटतं?

शेवटची चिमूट घेऊन काही तास झाले की मेंदू निकोटिन मागायला लागतो. जीव कासावीस होतो, चिडचिड होते, हातपाय स्वस्थ राहत नाहीत. चिमूट ओठात गेली की ही तगमग थांबते, आणि त्या थांबण्यालाच आपण झोप समजतो. खरं तर निकोटिन उत्तेजक आहे. त्यानं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, मेंदूला जागं ठेवणारी रसायनं स्रवतात.

विडी-सिगारेटच्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. तोंडात धरलेल्या तंबाखूचं हळूहळू चढतं, पण बराच वेळ रेंगाळतं. आणि चुना का लागतो, ते कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. चुन्यामुळे तोंडातला आम्लपणा जातो आणि मग निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सहज रक्तात उतरतं. चुन्याशिवाय तंबाखू 'लागत' नाही असं जुनी माणसं म्हणतात, ते अगदी खरं आहे.

आता हिशेब बघा. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री दहाला घेतलेल्या चिमटीतलं बारापर्यंत निम्मं उरतं, म्हणजे ऐन गाढ झोपेच्या वेळी ते अंगात असतं. पहाटे चारला जेमतेम आठवा हिस्सा राहतो आणि मेंदूची मागणी सुरू होते. रात्रीच्या पूर्वार्धात उत्तेजना आणि उत्तरार्धात तलफ, अशी झोप दोन्हीकडून कुरतडली जाते. झोप लागायला वेळ लागणं, गाढ झोप कमी होऊन हलकी झोप वाढणं, हे धूम्रपान करणाऱ्यांच्या झोपेच्या तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७८५ आफ्रिकी-अमेरिकी प्रौढांची झोप मोजली होती. ज्यांना आधीच निद्रानाश होता, त्यांनी झोपण्याआधीच्या चार तासांत निकोटिन घेतलं, तर त्या रात्रीची झोप सरासरी ४२ मिनिटांनी कमी भरली.

झोपेबद्दलचे लेख बहुतेक सिगारेटवर लिहिलेले असतात. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरत होते, आणि ओढणारे होते ३.८ टक्के. म्हणून पुढे चिमूट, मशेरी आणि विडी या तिन्हींचा विचार केला आहे.

पहिली पायरी: आठ दिवस फक्त लिहा

या आठवड्यात काहीही सोडू नका. वहीत रोज चार गोष्टी टिपा: उठल्यावर किती मिनिटांनी पहिली चिमूट किंवा विडी घेतली, झोपण्याआधी शेवटची कधी घेतली, रात्री कितीदा जाग आली, आणि शेवटचा चहा किती वाजता झाला. आप्पांनी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं, "रोज जाग येती ती साडेतीन-चार तासांनीच की गं."

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल, किंवा रात्री मुद्दाम उठून घ्यावी लागत असेल, तर सवय खोलवर गेली आहे असं समजा. अशा माणसानं एकट्याच्या जिद्दीवर विसंबू नये, पहिल्या दिवसापासून डॉक्टरांची मदत घ्यावी.

दुसरी पायरी: शेवटची चिमूट मागे ओढा

आता दिवसातल्या बाकीच्यांना हात लावू नका, फक्त रात्रीची शेवटची धरा. दर दोन दिवसांनी ती अर्ध्या तासानं अलीकडे आणा. शेवटची चिमूट आणि अंथरूण यांत चार तासांचं अंतर पडेपर्यंत हे चालू ठेवा. रात्री दहाला झोपणाऱ्याची शेवटची संध्याकाळी सहाला व्हायला हवी.

जेवणानंतरचा वेळ सगळ्यात कठीण जातो. जेवण झालं की लगेच दात घासा. स्वच्छ तोंडात तंबाखू घालायला जीव थोडा कचरतो. तोंडात काही हवंच असेल तर बडीशेप, ओवा, लवंग किंवा भाजलेली जवस ठेवा. सुपारी मात्र नको. ती स्वतःच कर्करोगाला कारण ठरते आणि तिच्यातही मेंदूला चेतवणारं द्रव्य असतं. डबी उशीखाली ठेवू नका. आमच्याकडे ती आईनं धान्याच्या पिंपात टाकली होती. रात्री दोन वाजता पिंपाचं झाकण वाजवून घर उठवण्यापेक्षा आप्पा पाणी पिऊन आडवे व्हायचे.

काही जण बार भरून तसेच झोपतात. त्यांनी आधी एवढंच करावं: झोपण्यापूर्वी बार थुंकून खळखळून चूळ भरावी. गालात रात्रभर तंबाखू ठेवणं म्हणजे रात्रभर निकोटिन घेत राहणं, आणि त्याच जागी जखम, पांढरा चट्टा, पुढे कर्करोग यांना वाट करून देणं. आणि विडी ओढणाऱ्यांनो, अंथरुणात विडी पेटवू नका. पेंगताना हातातून निखारा पडतो.

ही पायरी मुक्कामाची नाही. नुसती रात्रीची टाळून दिवसा चालू ठेवली तर झोप थोडी सुधारेल, पण तोंड, फुप्फुसं आणि हृदय यांचा धोका टळणार नाही.

*रात्रपाळीवाल्यांसाठी.* तुम्ही सकाळी नऊला झोपत असाल तर शेवटची चिमूट पहाटे पाचच्या आत हवी. पेंग सगळ्यात जास्त येते ती नेमकी पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, आणि तिला मारायलाच मागावर तंबाखू मळली जाते. त्या वेळी तोंडावर गार पाणी मारा, उजेडात दहा मिनिटं चाला, जोडीदाराशी बोला. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्या. घरी आल्यावर खिडकीला जाड चादर लावून खोलीत अंधार करा.

*मशेरी लावणाऱ्या बायांसाठी.* मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखूच. दात घासायचं निमित्त असतं म्हणून ती व्यसन वाटत नाही. माझ्या आत्या पहाटे उठल्यावर, दुपारी, आणि रात्री भांडी आवरून झाल्यावर तासभर मशेरी लावून बसत. "मला मेलीला बारा वाजेस्तोवर डोळाच लागत नाही," असं त्या म्हणायच्या, पण त्या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या मनात कधी आला नव्हता. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी झाली, पण घरच्या तव्यावर ती आजही भाजली जाते. सुरुवात रात्रीच्या मशेरीपासून करा. भांडी झाल्यावर साध्या पेस्टनं दात घासा आणि बोटाला करायला दुसरं काम द्या. आत्यांनी वाती वळायला घेतल्या. सकाळी मशेरीशिवाय पोट साफ होत नाही अशी तक्रार सुरुवातीला येतेच. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी आणि जेवणात पालेभाजी वाढवली की काही आठवड्यांत शरीराला नवी सवय लागते.

तिसरी पायरी: सोडण्याचा दिवस ठरवा, आणि चहाचा हिशेब करा

लग्नाच्या, जत्रेच्या किंवा पाळी बदलण्याच्या आठवड्यात सोडू नका. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा दिवस धरा.

विडी-सिगारेटवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन भराभर निपटतं. धूर बंद झाला की काही दिवसांतच हा वेग उतरतो आणि रोजचाच चहा अंगात कितीतरी जास्त वेळ राहतो. छाती धडधडते, झोप उडते, आणि माणूस म्हणतो की विडी सोडल्यानं असं झालं. म्हणून सोडल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि दुपारनंतर बंद ठेवा. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे चिमूट किंवा मशेरी सोडणाऱ्यांच्या बाबतीत तो होत नाही, तरी संध्याकाळचा चहा त्यांनीही टाळलेला बरा.

याच कारणानं थिओफायलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांसारखी औषधं घेणाऱ्यांनी विडी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावंच. धूर थांबल्यावर या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं आणि मात्रा बदलावी लागते.

चौथी पायरी: पहिल्या तीन आठवड्यांच्या रात्री

त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. या काळात झोप तुटेल, स्वप्नं फार पडतील. आप्पा सहाव्या रात्री घाबरेघुबरे होऊन मोरीवर गेले आणि खळाखळा चुळा भरायला लागले. स्वप्नात त्यांनी चिमूट घेतली होती आणि तोंडाला खरीच चव आली होती. "मोडला गं माझा नेम," म्हणून ते रडकुंडीला आले. सोडणाऱ्यांना अशी स्वप्नं पडतातच. नेम मोडलेला नसतो.

रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठा. दुपारी झोपायचंच तर वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून मंद उजेडात बसा, पोथी वाचा, लसूण सोला, आणि पापण्या जड झाल्या की परत जा. मोबाइल हातात घेऊ नका. झोपेसाठी दारूचा घोट तर मुळीच नको, कारण तिनं डोळा लागला तरी मध्यरात्रीनंतर झोप मोडते आणि तंबाखूची आठवणही तीच काढून देते.

पहाटेची तलफ आली की घड्याळ बघा. ती लाट काही मिनिटांत ओसरते. पाणी प्या, दहा लांब श्वास घ्या, कूस बदला.

पाचवी पायरी: गम, पट्टी आणि गोळ्या

निकोटिनचं च्युइंग गम २ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळतं. ते नेहमीच्या गमसारखं सतत चघळायचं नाही. तोंडात झिणझिण्या येईपर्यंत हळू चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबत घेऊ नये. चुन्याची गोष्ट आठवा: तोंड आंबट असेल तर निकोटिन आत उतरत नाही. गममध्येही निकोटिनच असल्यामुळे शेवटचं गम झोपण्याच्या दोनेक तास आधी संपवा. अंगाला चिकटवायच्या चोवीस तासांच्या निकोटिन पट्टीनं काहींना झोप येत नाही आणि भयंकर स्वप्नं पडतात. तसं झालं तर झोपताना पट्टी काढायची का, हे डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या दिल्या असतील तर संध्याकाळचा डोस नेमका किती वाजता घ्यायचा, हेही त्यांनाच विचारून घ्या. या गोळ्यांनीही झोप चाळवते.

तंबाखूच्या पुडीवर आणि सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. ती सरकारची मोफत मदतवाहिनी आहे. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन मिळतं. जायला लाजू नका.

डॉक्टरांकडे कधी जावं

झोपेत जोरानं घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं आणि दिवसभर पेंगणं ही लक्षणं असतील तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. धुरानं घशाला सूज येते आणि घोरणं वाढतं. तंबाखू सोडून दीड महिना झाला तरी झोप नसेल, मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. आणि आजच एक करा: आरशासमोर तोंड उघडा. तीन बोटं उभी आत जात नसतील, किंवा दोन आठवडे न बरा होणारा पांढरा-लाल चट्टा दिसत असेल, तर आधी ते दाखवून घ्या, झोपेचं मग बघू.

एखाद्या रात्री घेतलीच, तर ती वहीत लिहा: तारीख, वेळ, आणि त्याआधी काय झालं होतं ते. सगळा डाव मोडला असं समजून दुसऱ्या दिवशी पुडी आणू नका, सकाळी ठरल्या वेळी उठून पुढे चालू लागा. आप्पांच्या वहीत अशा दोन नोंदी आहेत, एक चुलत्यांच्या दहाव्याची आणि एक बोनस बुडाला त्या दिवसाची. दुसऱ्या नोंदीखाली एक पान कोरं आहे, आणि मग एका ओळीत लिहिलंय, "एकदाबी उठलो न्हाई. डायरेक सकाळ."