बिनपरवाना सावकारानं चेक बाऊन्सची नोटीस पाठवली तर काय करायचं

नागपुरात ऑटोवाले, भाजीवाले, छोटे दुकानदार असे कितीतरी लोकं महिन्याला शेकडा दहानं पैसे उचलतात. 50 हजार सांगून पहिलं व्याज कापून 45 हजारच हातात देतात, वरून सही केलेले कोरे चेक ठेवून घेतात, अन् हप्ता थकला की त्याच चेकवर वाट्टेल तो आकडा टाकून बँकेत लावतात. मग वकिलाची नोटीस येते आणि माणूस घाबरून बायकोचे दागिने मोडायला निघतो. थांबा भाऊ, आधी हे वाचा.

नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत वकिलाकडून लेखी उत्तर पाठवा. खरे किती घेतले, किती फेडले, चेक कोरा होता हे सगळं त्यात लिहा आणि सावकारी परवान्याचा नंबर मागा. गप्प बसू नका, कारण सही तुमची असली की कोर्ट आधी देणं आहे असंच धरून चालतं, ते खोडायचं काम तुमच्यावर येतं.

परवाना होता का, हे सहकार खात्याच्या सहायक निबंधकाच्या ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून विचारा, आणि कर्ज दिलं त्या तारखेला होता का असंच विचारा, आज आहे का असं नाही. महाराष्ट्र सावकारी कायदा 2014 च्या कलम 13 नुसार तेव्हा परवाना नसेल तर वसुलीच्या दाव्यात त्याला डिक्री, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा हुकूम, मिळत नाही. बिनपरवाना धंदा केला तर कलम 39 खाली 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण मित्रानं किंवा साळ्यानं अडचणीत एकदा दिलेले पैसे म्हणजे सावकारी नाही, ते परत करावेच लागतात. तो हा धंदाच करून राहिला हे तुम्हाला दाखवावं लागेल, खरी लढाई इथंच आहे. ई-कोर्ट्सच्या साइटवर नागपूर जिल्हा निवडून त्याचं नाव टाका, त्यानं चार-पाच जणांवर टाकलेल्या चेकच्या केसेस निघाल्या तर त्या केसेसचे नंबर लिहून घ्या, वकिलाला उलटतपासणीत कामी येतात. हप्त्याचं कार्ड, फोनपेचं स्टेटमेंट, धमकीचं रेकॉर्डिंग, काहीच डिलीट करू नका. 3 लाखांच्या वरची रक्कम चेकवर दिली असेल तर या कायद्यात त्याला वेगळी सूट आहे, ते वकिलाकडून नक्की तपासून घ्या.

सोबतच जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार द्या, ते त्याच्या घरी-दुकानी झडती घेऊन कागद जप्त करू शकतात. कर्जापोटी शेताचं किंवा प्लॉटचं खरेदीखत करून घेतलं असेल तर 15 वर्षांच्या आतलं असल्यास कलम 18 खाली परत मागता येतं, हे लई लोकांना माहीतच नाही.

वकिलाला पैसे नसतील तर सिव्हिल लाईन्सला जिल्हा कोर्टातच फुकट वकील देणारं विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तर उत्पन्नाची अटही नाही.

आणि सेटलमेंट केलीच, तर सगळे चेक अन् स्टँप पेपर हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, आणि देताना कॅश नको, बँकेतूनच द्या.