गोव्याच्या दमट हवेत चॉकलेटमध्ये बुडवलेली फळं

चॉकलेटमध्ये फळं बुडवताना गोव्यात सगळ्यात जास्त छळतं ते पाणी. फळाच्या अंगातलं, पातेल्यातल्या वाफेचं आणि हवेतलं. ही तिन्ही सांभाळली की बाकीचं काम खरंच सोपं आहे.

आधी फळं. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते, तीच घ्या. घट्ट, देठ ताजा असलेली. धुऊन एकेक फळ पुसा आणि सुती फडक्यावर पंख्याखाली तासभर ठेवा. देठाजवळच्या हिरव्या पाकळ्या बोटाने उचलून खालीही कोरडं करा. तिथे लपलेला थेंब फळ उलटं धरलं की घरंगळत थेट चॉकलेटच्या भांड्यात जातो. देठ काढू नका, कापलेल्या जागेतून रस सुटतो. फ्रिजमधली थंडगार स्ट्रॉबेरीही लगेच बुडवू नका. तिच्यावर दव धरतं आणि नंतर फळ तापून फुगलं की वरचं कवच तडकतं.

अननसाचे सेंटीमीटरभर जाड काप किचन पेपरमध्ये दाबून दोन तास फ्रिजमध्ये उघडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि बुडवण्याआधी पुन्हा पुसा. संत्र्याच्या फोडी पातळ साल न फाटता सोडवता आल्या तरच वापरा. पिकलेला मानकुराद आंबा मात्र चॉकलेटच्या वाट्याला जाऊ देऊ नये. त्याचा रस कवचाखाली साचतो आणि चवही झाकली जाते. आंब्याची हौस असेल तर सुकवलेल्या आंब्याचे तुकडे घ्या.

आपल्या हवेला सगळ्यात चांगली जुळते ती पेरूची पेराद, म्हणजे साखर घालून आटवलेल्या पेरूच्या गराची वडी. पाणी जवळजवळ आटलेलं, कडा स्वच्छ, आणि तिच्या गोडीला कडसर डार्क चॉकलेट फार छान लागतं. नाताळच्या कुस्वाराच्या, म्हणजे सणाच्या फराळाच्या ताटात दोन सेंटीमीटरचे असे चौकोन ठेवून बघाच. सुकवलेले फणसाचे गरेही याच रीतीने होतात.

आता चॉकलेट. पाकिटामागची यादी वाचा. कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर कंपाउंड. कंपाउंड नुसतं वितळवून वापरता येतं, उकाड्यातही बऱ्यापैकी टिकतं, म्हणून मुलांच्या वाढदिवसाला तेच सोयीचं. चवीला मात्र खऱ्या चॉकलेटची सर त्याला नाही. दोन्ही एकत्र करू नका, त्यांची चरबी एकमेकांत नीट गोठत नाही.

वीसेक स्ट्रॉबेरींना ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट घ्या. सगळं लागणार नाही, पण भांड्यात खोली असल्याशिवाय फळ नीट बुडत नाही. उरलेलं बटर पेपरवर ओतून ठेवलं की पुन्हा वापरता येतं.

खरं चॉकलेट नुसतं वितळवून गोठवलं तर मऊ, निस्तेज राहतं आणि बोटाला लागतं. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठू शकतं. त्यातलं एकच रूप चकाकतं, कटकन तुटतं आणि साधारण ३३–३४ अंशांपर्यंत टिकतं. तेच रूप मिळवण्याला टेम्परिंग म्हणतात. ३०० पैकी २०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून कोरड्या काचेच्या भांड्यात घ्या आणि मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर ३०–३० सेकंदांनी ढवळत ४५ अंशांपर्यंत न्या. गॅसवरच करायचं तर खालच्या पातेल्यात दोन बोटं पाणी ठेवा, ते भांड्याच्या बुडाला लागू देऊ नका आणि पाणी तापल्यावर गॅस बंद करून मगच भांडं वर ठेवा. भांडं उचलताना बूड लगेच पुसायचं. उरलेलं १०० ग्रॅम चिरलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ढवळत राहा. ते तयार स्फटिक विरजणासारखं काम करतात. २८ अंशांवर आलं की किंचित ऊब देऊन ३१–३२ वर आणा. मिल्क चॉकलेटला २९–३० पुरे. थर्मामीटर घ्याच. अंदाजाने करायचा हा भाग नाही.

सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. पाच मिनिटांत चकाकी धरून कोरडं झालं तर जमलं. रेघा दिसल्या किंवा चिकटच राहिलं तर पुन्हा ४५ पासून सुरुवात. ही परीक्षा एसीच्या खोलीतच करायची, कारण बाहेर ३१–३२ अंशांच्या उकाड्यात उत्तम टेम्पर केलेलं चॉकलेटही गोठणार नाही. एसी २२ वर लावून अर्धा तास आधी खोली कोरडी करा. एसी नसेल तर डिसेंबर-जानेवारीतली पहाट साधा किंवा सरळ कंपाउंड वापरा.

बुडवताना देठाला धरून फळ तिरकं सोडा, फिरवत वर काढा, दोनदा झटका आणि बूड भांड्याच्या कडेला निपटा. निपटलं नाही तर खाली चॉकलेटचा जाड पसरट पाय तयार होतो. बटर पेपरवर ठेवा. काजूची भरड किंवा भाजलेलं खोबरं भुरभुरायचं तर दोन-तीन फळांनंतर लगेच, कारण कवच पटकन सुकतं.

मध्येच चॉकलेट घट्ट होऊन गोळे धरू लागलं तर पाणी शिरलं. थोड्याशा ओलाव्याने साखर आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात. असं चॉकलेट बुडवायला परत मिळत नाही. पण १०० ग्रॅमला दोन-तीन मोठे चमचे गरम दूध एकदम घालून घोटलं की छान सॉस होतो, तो कापलेल्या फळांवर ओता.

एसी नसेल किंवा थर्मामीटरची कटकट नको असेल तर केळी करा. गोव्यातल्या मोयरा गावचं केळं जाड असतं, त्याचे दोन बोटं लांब तुकडे काडीला टोचून चार तास फ्रीझरमध्ये ठेवा. २०० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये दोन मोठे चमचे खोबरेल वितळवा, कोमट होऊ द्या आणि केळी बुडवा. अर्ध्या मिनिटात कवच कडक होतं. टेम्परिंगची गरजच नाही, फक्त फ्रीझरमधून काढून लगेच खायचं. हे खोबरेल घातलेलं चॉकलेट पेराद किंवा स्ट्रॉबेरीला वापरू नका. आपल्या उकाड्यात ते पातळच राहतं.

बुडवलेली स्ट्रॉबेरी आणि अननस त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी बुडाशी रस सुटतो. तोवर फ्रिजमध्ये ठेवायचं तर हवाबंद डब्यातच. बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. डब्यावर दव धरतं, तेच उघड्या फळावर धरलं तर साखर विरघळून पांढरे, खरखरीत डाग पडतात. डब्याचा घाम सुकला की झाकण काढा, अर्धा तास तरी लागतो. पेराद आणि सुका फणस एसीच्या खोलीत डबाबंद दोन आठवडे राहतात.