जुनी बुलेट लांबच्या प्रवासाला काढण्यापूर्वी

उजव्या पायाशी गिअर, डाव्या पायाशी ब्रेक, बिडाचा सिलिंडर आणि पॉइंटचे (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांचे) इग्निशन असलेली ३५० ची जुनी बुलेट आजही अनेकांच्या दारात उभी असते आणि तिची नीट निगा राखली तर ती कोकणात किंवा त्याहूनही लांब बिनतक्रार नेऊन आणते. ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) हे ३४६ सीसीचे इंजिन सहसा पूर्वसूचना न देता बंद पडत नाही. ती सूचना ओळखण्याची सवय मात्र मालकाने स्वतःला लावून घ्यावी लागते. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधील फट) आणि पॉइंट नीट करणे ही दोन कामे तरी प्रत्येक मालकाला स्वतःच्या हाताने करता आली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

आधी पान्यांविषयी. १९५० च्या दशकाच्या मध्यात मद्रासमध्ये या गाडीचे उत्पादन मूळ ब्रिटिश आराखड्यावरून सुरू झाले, त्यामुळे जुन्या गाड्यांवर इंची आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांचे नट आढळतात. प्रत्येक नटाला नेमका बसणारा रिंग पाना वापरावा, कारण ढिल्या पान्याने नटाचे कोपरे एकदा गोल झाले की रस्त्यात तो नट निघत नाही.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावेत. मी ते सकाळी, किक मारण्यापूर्वी करतो. स्पार्क प्लग काढावा, गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने पुढे फिरवत प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. आतून हवेचा दाब जाणवला की पिस्टन कॉम्प्रेशनवर येत आहे असे समजावे आणि तो अगदी वर आणून थांबावे. सिलिंडरच्या उजव्या अंगाचे टॅपेट कव्हर काढले की व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे, म्हणजे पुशरॉड, दिसतात. चिमटीत धरल्यावर रॉड सहज गरगर फिरला पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. तो फिरताना अडखळत असेल तर टॅपेट घट्ट आहे आणि वर-खाली टकटक करत असेल तर ढिला आहे. लॉकनट सैल करून ॲडजस्टर थोडा थोडा फिरवावा आणि लॉकनट आवळल्यावर रॉड पुन्हा फिरवून पाहावा, कारण आवळतानाच माप अनेकदा सरकते. टॅपेटचा हलका आवाज चालतो. घट्ट टॅपेट मात्र व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून घेणे ही या गाडीची सर्वांत मोठी हेळसांड आहे.

पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी आणि ती पॉइंट सर्वाधिक उघडले असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मोजावी. पॉइंटवर काळपट थर असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून, पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कागदाने पुसावे. खोल खड्डे पडले असतील तर पॉइंट बदलावेत. फट वाढवली की स्पार्क लवकर पडतो, म्हणजे टायमिंगही बदलते, हे ध्यानात ठेवून फट नीट केल्यावर टायमिंग तपासावे. एका जुलैमध्ये ताम्हिणी घाटात माझी गाडी तापली की बंद पडे आणि पंधरा-वीस मिनिटांनी निवली की पुन्हा चालू होई. मी दोन प्लग बदलले, कार्बोरेटर उघडला, तरी उपयोग झाला नाही. दोष कंडेन्सरचा (पॉइंटला जळण्यापासून वाचवणाऱ्या छोट्या विद्युत भागाचा) होता, आणि पॉइंट जळकट काळे पडले होते, हीच त्याची खूण मी आदल्या आठवड्यात पाहूनही सोडून दिली होती. तेव्हापासून एक कंडेन्सर आणि पॉइंटचा एक संच कायम डिकीत असतो.

इंजिनचे तेल २०डब्ल्यू-५० जाडीचे वापरावे. गाडी महिनाभर उभी असेल तर तेलाच्या कप्प्यातील तेल हळूहळू क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पोकळीत) उतरते आणि डिपस्टिक कोरडी दिसते. अशा वेळी वरून तेल ओतू नये. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, पंप तेल परत वर आणतो, आणि मगच पातळी पाहावी. सुरुवातीला निघणाऱ्या निळसर धुराने घाबरून पिस्टनच्या रिंग बदलायला देणारे लोक मी पाहिले आहेत.

चेनचा ढिलेपणा एकाच जागी मोजून भागत नाही, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. चाक फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधावी आणि तिथे साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ ठेवावा. चेन लॉकच्या (चेनची टोके जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला असावे. चाक मागे सरकवले की मागच्या ब्रेकचे सेटिंग बदलते, तेही लगेच करावे.

क्लचची नवी केबल जुन्या केबलला समांतर बांधूनच ठेवावी. तुटली तर रस्त्याच्या कडेला फक्त दोन टोके जोडायची उरतात. स्पोक पान्याने हलकेच वाजवून पाहावेत, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो.

निघाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबावे. इंजिनचे माउंटिंग, सायलेन्सर आणि कॅरियरचे नट पान्याने पाहून घ्यावेत आणि दोन्ही चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागला तर ब्रेक शू घासतो आहे किंवा बेअरिंग जाते आहे; चाक मोकळे फिरवून दोहोंपैकी काय ते ठरवावे आणि बेअरिंगची शंका असेल तर पुढचा घाट चढू नये.