आल्प्समध्ये चालायला सॅक किती लिटरची घ्यावी?

पुण्यात ट्रेकला जाणाऱ्यांच्या घरी सहसा दोन सॅक असतात. एक ऑफिसची, लॅपटॉप मावणारी वीसेक लिटरची. दुसरी हिमालयासाठी घेतलेली ५०-६० लिटरची. आल्प्समध्ये आठ-दहा दिवस रोज चालायचं असेल तर दोन्ही गैरसोयीच्या. लॅपटॉपच्या सॅकला कमरेचा पट्टा नसतो, त्यामुळे सगळं ओझं खांद्यांवर येतं. मोठी सॅक अर्धी रिकामी राहिली की सामान तळाशी बसतं, वजन मागे ओढतं आणि उतारावर सॅक हेलकावे खाते. शिवाय जागा दिसली की काहीतरी भरलं जातंच.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा: रात्री तुमची सुटकेस कुठे असणार?

ग्रिंडेलवाल्डसारख्या एकाच गावी मुक्काम आणि तिथूनच रोज नवी वाट, असा बेत असेल तर २० ते २५ लिटर पुरतात. मुक्काम रोज बदलतो पण सुटकेस गाडीने पुढे जाते, अशा सहलीला २५ ते ३० लिटर घ्या. इथे एक गोम आहे. माँ ब्लाँ पर्वताच्या प्रदक्षिणेत (सुमारे १७० किमी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड) बोनात्तीसारख्या काही हट्सपर्यंत (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांपर्यंत) गाडीरस्ताच नाही. तिथे राहणार असाल तर त्या रात्रीचे कपडे, टूथब्रश आणि झोपायची पातळ पिशवी पाठीवरच न्यावी लागते. हट्समध्ये पांघरूण मिळतं, पण आत घालायची ही पिशवी (लायनर) बहुतेक ठिकाणी स्वतःची लागते. सगळंच सामान पाठीवर घेऊन हट ते हट चालणार असाल तर ३५ लिटर, फार तर ४०. त्यात मावत नसेल तर सॅक वाढवू नका, सामान कमी करा.

‘एक दिवसाचंच तर चालणं, सिंहगडाला आपण पाण्याची बाटली घेऊन जातो’ हा हिशेब तिथे का फसतो? उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान कमी करते. ग्रिंडेलवाल्ड १०३४ मीटरवर आहे आणि तिथून गाठता येणारं फाउलहॉर्न शिखर २६८१ मीटरवर. म्हणजे गावात २२ अंश असतील तर वर ११ च्या आसपास, आणि वारा असला तर त्याहून गार वाटतं. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळी पाऊस येऊ शकतो. म्हणून आकाश निरभ्र असलं तरी गरम आणि पावसाळी कपडे रोज सोबत लागतात, आणि खरी जागा तेच खातात.

घडी करून दाबल्यावर साधारण जागा अशी लागते: रेनजॅकेट २ लिटर, रेनपँट १, फ्लीस (लोकरीसारखं उबदार जॅकेट) अडीच, हलकं पफर (आत भरण असलेलं, फुगीर) जॅकेट २, टोपी-हातमोजे अर्धा, पाणी २, खाणं दीड, प्रथमोपचार-सनस्क्रीन-हेडटॉर्च १, फोन-पॉवरबँक-पासपोर्ट अर्धा. झाले १३ लिटर. वस्तूंमधल्या फटी आणि चढावर अंगातून निघणारे कपडे धरले की २० होतात. मोठा कॅमेरा असेल तर आणखी ३. मुलाचं जॅकेट आणि पाणीही तुमच्याच पाठीवर येणार असेल तर सरळ ३० चा विचार करा. खाण्यात चिवडा-फरसाण नको. पिशवी जागा अडवते आणि वर हवेचा दाब कमी झाला की आणखी फुगते. चिक्की, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या कमी जागेत मावतात. पेढे-बर्फी मात्र घरीच ठेवा, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

लेबलवरच्या लिटरवर फार विसंबू नका. काही कंपन्या बाहेरचे खिसेही मोजतात, काही नाही. घरी पुठ्ठ्याचा खोका घ्या: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागा. ४० × ३० × २० चा खोका म्हणजे २४ लिटर. सगळं सामान त्यात न कोंबता मावलं तर २५ ची सॅक पुरेल.

लिटरपेक्षाही पाठीची लांबी चुकली तर जास्त त्रास होतो. मान पुढे झुकवा; मानेच्या तळाशी जो मणका वर येतो तिथून, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत शिंप्याच्या टेपने कोणाकडून तरी मोजून घ्या. ४३ ते ४८ सेंटिमीटर हे बहुतेक कंपन्यांचं मधलं माप. सॅक लांब पडली तर पट्टा कमरेच्या हाडावर न बसता खाली घसरतो, आखूड असेल तर पोटावर चढतो. दोन्हीकडे भार खांद्यांवरच परततो. छोट्या सॅकमध्ये पाठ सहसा कमी-जास्त करता येत नाही, तेव्हा ऑनलाइन मागवण्याआधी एकदा घालून बघाच.

दुकानात रिकामी सॅक कोणालाही बरी वाटते. लिटरभराच्या पाच-सहा भरलेल्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून आत भरा, आधी कमरेचा पट्टा, मग खांद्याचे, शेवटी छातीचा आवळा आणि पंधरा मिनिटं जिना चढा-उतरा. सॅक न काढता बाजूची बाटली हाताला यायला हवी. जाळीची कमानदार पाठ घामाला चांगली, पण ती कमान आतली जागा खाते आणि वजन पाठीपासून थोडं लांब नेते.

सह्याद्रीतल्या पावसात वापरलेलं रेनकव्हर पाठीकडून पाणी आत येऊ देतं, हे ठाऊक असेलच. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ते उडतंही. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा ड्रायबॅग (पाणी न शिरणारी पिशवी) घाला आणि रेनकव्हर वरून.

सराव भरलेल्या सॅकनेच करा. आतकरवाडीतून सिंहगड साधारण ६०० मीटरची चढाई आहे. आल्प्समध्ये दिवसाला ८०० ते १००० मीटर सहज होतात, म्हणून एका सकाळी दोनदा चढून बघा. पाण्यासकट पाच-सहा किलो ठीक. सगळं पाठीवर असेल तर आठ-नऊच्या वर नको.

विमानात हीच सॅक केबिनमध्ये न्या, पण विमान कंपनीची वजनमर्यादा बघून. ती अनेकदा ७ किलो असते. पॉवरबँक केबिनमध्येच लागते. ट्रेकिंग पोल आणि चाकू चेक-इनमध्ये. बूट पायात घाला. सुटकेस दोन दिवस उशिरा आली तर फ्लीस तिथे विकत मिळेल, सवयीचे बूट मिळणार नाहीत.