समुद्रकाठच्या गावात कुत्रा सांभाळायला जाताय? या चुका टाळा

शरद ऋतूत समुद्रकाठची गावं छान निवांत असतात. गर्दी ओसरलेली असते, उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून पुरतं गार झालेलं नसतं. अशा वेळी कुणाचं घर आणि कुत्रा सांभाळायला मिळाला तर जरूर जावं. मात्र हा कुत्रा तुम्हाला ओळखत नाही, हे लक्षात ठेवा. बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे किनारा दिसताच लीश, म्हणजे हातात धरायचा पट्टा, सोडणं. ‘हाक मारली की लगेच येतो’ असं मालक सांगतात ते खरंच असतं, पण तो त्यांच्या हाकेला येतो. तुमचा आवाज आणि वास त्याला नवा आहे. समोरून पक्ष्यांचा थवा उडाला की तो सुसाट पळणार आणि परतीची वाटही त्याला ठाऊक असेलच असं नाही. माझं मत स्पष्ट आहे: आठवडाभराचा मुक्काम असेल तर लीश सोडूच नये. पाच-दहा मीटरची लांब दोरी घ्या आणि ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा. गळपट्ट्याला बांधली तर धावताना झटका थेट मानेला बसतो. त्याच्या गळ्यात तुमच्या मोबाइल नंबरचा बिल्ला हवाच, कारण कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या मायक्रोचिपवरून फोन जाईल तो मालकांना आणि ते तेव्हा विमानातही असतील.

तरीही सुटलाच, तर पाठलाग करू नका. त्याला एक तर तो खेळ वाटतो, नाहीतर तो आणखी घाबरतो. अंग थोडं वळवून खाली बसा, खाऊची पिशवी वाजवा किंवा चक्क उलट दिशेने चालायला लागा. पुष्कळ कुत्रे अशा वेळी आपणहून मागे येतात. जवळ आल्यावर रागवायचं मात्र नाही.

दुसरी चूक भरती-ओहोटीची. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात आणि या वेळा रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतात. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी ८ वाजता जिथे कोरडी वाळू होती, तिथे आठवड्याने त्याच वेळी भरतीचं पाणी असतं. त्यात २२-२३ सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या (दिवस-रात्र जवळपास सारखे असतात तो दिवस) आसपासच्या पौर्णिमा-अमावास्येला वर्षातली मोठी उधाणं येतात. कड्याखालून वळसा घालणारी वाट तेव्हा मागच्या मागे बंद होते. निघण्याआधी तक्ता बघा आणि पाणी चढायला लागण्यापूर्वी परत फिरा. दिवसही झपाट्याने लहान होत असतात, म्हणून संध्याकाळच्या फेरीला टॉर्च घ्या. कुत्रा लाटांत ओढला गेला तर त्याच्यामागे उडी मारू नका. तो बहुधा स्वतःच बाहेर पडतो. तुम्ही काठावरून त्याला हाका मारा आणि मदत बोलवा.

खारं पाणी हा प्रश्न अनेकांना गंभीर वाटतच नाही. चेंडू पाण्यात फेकला की कुत्रा प्रत्येक वेळी चेंडूबरोबर घोटभर समुद्र गिळतो. अर्ध्या तासात पोटात बरंच मीठ जातं. उलटी किंवा जुलाब एखाद-दुसऱ्या वेळी झाले तर खेळ थांबवा आणि गोडं पाणी थोडं थोडं देत राहा. पण झोकांड्या जायला लागल्या, अंग थरथरलं किंवा झटके आले तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक पशुवैद्यांकडे न्या. यापेक्षा सोपं म्हणजे चेंडू कोरड्या वाळूवर फेकणं आणि पंधरा-वीस मिनिटांनी गोडं पाणी पाजणं. वाळूही पोटात जाते. शी बंद झाली, पोट कडक लागलं आणि उलट्या होत असतील तर वाट बघू नका.

वाळूत पडलेले मासे आणि जेलीफिश यांपासून त्याला लांब ठेवा. मेलेली जेलीफिशही डंख करते. मासेमारीचा गळ त्याने गिळला आणि तोंडातून दोरा लोंबताना दिसला, तरी तो ओढायचा नाही. गळाला उलटा काटा असतो, तो आत आणखी रुततो.

गाव बघायला निघाल्यावर ‘गार तर आहे’ म्हणून त्याला बंद गाडीत ठेवू नका. बाहेर २२ अंश असतानाही उन्हातली गाडी तासाभरात ४० अंशांच्या वर तापते. त्याऐवजी सकाळी लांब फिरवा, गोड्या पाण्याने अंग आणि बोटांमधल्या फटी धुऊन कोरड्या करा, जेवू घाला. मग तो झोपतो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, नंतर अर्धा तास असं एकटं ठेवण्याची सवय लावली की दुपारी दोनेक तास गल्लीबोळ, बंदर, दीपगृह बघायला मोकळे मिळतात.

मालक निघण्यापूर्वी पशुवैद्यांचा नंबर आणि ‘गरज पडल्यास उपचार करावेत’ अशी लेखी संमती मागून घ्या. खर्च किती मर्यादेपर्यंत करायचा, हेही तेव्हाच विचारून ठेवा.