संधिवाताच्या जनुकांवर काम सुरू करताय? आधी अँटीबॉडी बघा

एमएस्सीला एचएलएचा धडा मला तोंडपाठ होता. सहाव्या गुणसूत्रावरची, माणसागणिक वेगळी असणारी ही जनुकं. त्यांच्यापासून बनलेली प्रथिनं इतर प्रथिनांचे तुकडे टी-पेशींपुढे, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींपुढे, धरतात. परीक्षेपुरतं एवढं झालं. पुण्यात आमवाताच्या (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) प्रोजेक्टवर लागले आणि पहिला महिना ओपीडीत रक्ताचे नमुने गोळा करण्यात गेला.

इंदापूरकडच्या एक मावशी अजून डोळ्यांसमोर आहेत. मी संमतीपत्र वाचून दाखवत होते. त्यांची बोटं आणि मनगटं सुजलेली. म्हणाल्या, "सकाळी दोन तास मूठ वळत नाही बाई, भाकरी थापायची कशी? आणि माझ्या लेकीला होईल का गं हे?" मी गप्प बसले. दोन नळ्या भरल्या, जांभळ्या टोपणाची डीएनएसाठी, लाल टोपणाची सीरमसाठी, आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

चार महिन्यांनी सगळे रुग्ण एका बाजूला, निरोगी माणसं दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. एचएलएतल्याच डीआरबी१ जनुकात जो फरक ठळक दिसायला हवा होता तो जेमतेम दिसला. मला वाटलं नमुने कमी पडले. गाइडनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "अँटी-सीसीपीचा रकाना कुठंय?"

तिथंच चुकलं होतं. आमवात हे एक नाव असलं तरी आत किमान दोन गट आहेत. काही प्रथिनांमधल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं सिट्रुलिन होतं, आणि अशा प्रथिनांविरुद्धची अँटीबॉडी (अँटी-सीसीपी चाचणी तीच शोधते) ज्यांच्या रक्तात असते त्यांच्यातच डीआरबी१चा संबंध ठळक असतो. ज्यांच्यात ती नसते त्यांच्यात तो फारच फिका. मी दोघांना एका पोत्यात भरलं होतं.

दुसरी चूक टायपिंगची, म्हणजे कोणाकडे डीआरबी१चा कोणता प्रकार आहे ते ठरवण्याची. मी नुसता '०४' हा गट एवढंच लिहिलं होतं. पण त्याच गटातल्या ०४:०५ आणि ०४:०३ यांच्यात प्रथिनाच्या साखळीत ७४व्या जागी फरक आहे. पहिल्यात अॅलनिन, दुसऱ्यात ग्लुटामिक आम्ल. पहिला प्रकार धोका वाढवणाऱ्यांत मोडतो, दुसरा नाही. ग्रेगरसन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेली 'शेअर्ड एपिटोप'ची (धोक्याच्या प्रकारांत सारख्या असणाऱ्या तुकड्याची) कल्पना ७० ते ७४ या पाच जागांचीच आहे. त्यामुळे सगळ्यांच्या चार अंकी (०४:०५ असं पूर्ण) टायपिंगला पैसे नसतील तर थोडे नमुने करा, पण नीट करा. आणि युरोपातल्या पेपरांमधली यादी जशीच्या तशी उचलू नका. आपल्याकडच्या रुग्णांत १०:०१ महत्त्वाचा ठरतो, तर तिकडे गाजलेला पीटीपीएन२२ या दुसऱ्या जनुकातला बदल इथे क्वचितच सापडतो.

पुण्यात एनसीसीएस आहे, आयसर आहे, अशा संशोधन संस्थांत इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशास्त्र) शिकायला जागा भरपूर. भिगवणला १९९६मध्ये सुरू झालेलं सांधेदुखीचं सर्वेक्षणही जरूर वाचा, आपल्याच जिल्ह्यातलं आहे. मात्र लॅब निवडताना एक चौकशी कराच: तिथल्या मुलांना ओपीडीत बसू देतात का? आठवडाभर अंधाऱ्या खोलीत एएनएच्या (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडींच्या चाचणीच्या) स्लाइडही बघा. या चाचणीतल्या हेप-२ पेशींच्या केंद्रकात सेंट्रोमिअरचे (गुणसूत्राच्या सांध्याचे) सुटे हिरवे ठिपके एकदा स्वतः पाहिले, की रिपोर्टवरच्या 'पॉझिटिव्ह'वर तुमचं समाधान होणार नाही.

मावशी फॉलोअपला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं, "मावशी, लेकीला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, पण ही जनुकं असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. घरात तंबाखू-विडी नको, आणि तिची बोटं सकाळी आखडायला लागली तर लगेच घेऊन या." त्यांनी लेकीलाच फोन लावून माझ्या हातात दिला.